मालाची जोखीम आणि माणसाची जोखीम

आमच्या वकिलीच्या दिवसांतील एक हकीकत प्रथम सांगतो. तिच्यात आजचा सारा विषय आलेला आहे. एका शहरात चार मजली इमारतीस बाहेरून रंग देण्याचे काम चालू होते. दोरांस टांगलेल्या फळीवर बसून एक रंगारी काम करीत असता दोर सुटला, आणि तो मनुष्य खाली पडून जागच्या जागी गतप्राण झाला. अंगास पट्टा नव्हता, डोक्यास शिरस्त्राण नव्हते. त्याची विधवा दोन मुले घेऊन प्रथम त्या इमारतीच्या गृहसंस्थेच्या चिटणिसांकडे गेली. ते म्हणाले, ‘बाई, आम्ही काम ठेकेदारास अंगावर दिलेले. माणसे त्याची, आमचा संबंध बिलापुरता.’ ती ठेकेदाराकडे गेली. तो म्हणाला, ‘रंगाचे काम मी मुकादमास पोटठेक्याने दिले होते. हा मनुष्य कोण, हे मला ठाऊकही नाही.’ ती मुकादमाच्या खोलीवर गेली. तो रडू लागला व म्हणाला, ‘वहिनी, मी कसला मालक? मीही शेजारच्याच फळीवर होतो. पट्टे मागितले असते तर काम दुसऱ्यास गेले असते.’

ह्या तिघांपैकी एकही जण खोटे बोलत नव्हता, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. तिघांचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि तिघांच्या खरेपणातून त्या बाईच्या पदरात दमडीही पडत नव्हती. दावा चालला, तारखांमागून तारखा पडल्या, काही वर्षांनी तडजोड झाली. तोपर्यंत वडील मुलाची शाळा सुटून तो बापाप्रमाणेच रंगाचा डबा धरू लागला होता.

तेव्हा प्रश्न असा की, जेथे मजुरी करताना जिवास धोका आहे तेथे त्या धोक्यापासून रक्षण करणारे साहित्य कोणी पुरवावे, व एवढेही करून अपघात झालाच तर त्या कुटुंबाची तरतूद करणारा विमा कोणाच्या पैशाने उतरवावा? वरवर पाहता हा प्रश्न कारखानदारांचा वाटेल. वस्तुतः तो प्रत्येक दुकानदाराचा, आडत्याचा, गुदामवाल्याचा, घरमालकाचा व गृहसंस्थेच्या प्रत्येक सभासदाचा आहे. कारण आज मजुरास काम देणारा मनुष्य बहुधा कारखान्याच्या कचेरीत बसलेला नसतो. तो आपणांपैकीच कोणीतरी असतो, आणि आपण मालक आहो ह्याची त्याला दादही नसते.

आमच्या व्यापारी बंधूंस जोखीम हा शब्द आम्ही शिकवावा असे मुळीच नाही. विलायती विमा कंपन्या ह्या देशात येण्यापूर्वीपासून आपल्या पेढ्यांवर जोखमी हुंडी चालत असे. माल गलबतावर चढवून त्यावर हुंडी लिहावयाची, आणि माल सुखरूप पोहोचला तरच ती हुंडी सकारावयाची. म्हणजे एकाच कागदात उधारही होती आणि विमाही होता. समुद्रावरील तुफानाची किंमत आधीच ठरवून ती हुंडीच्या भावात धरण्याइतकी दूरदृष्टी ज्या समाजात होती, त्याच समाजात आज काय दृष्टीस पडते? गुदामातील साखरेचा आगीविरुद्ध विमा आहे. ट्रकचा विमा आहे. दुकानाच्या काचेचाही विमा आहे. परंतु त्याच गुदामात गोण्यांची थप्पी कोसळून जो हमाल तिच्याखाली सापडतो, त्याचे नाव कोणत्याच विमापत्रात नाही. थप्पी कोसळली म्हणजे साखरेची नुकसानी भरून येते, आणि हमालासाठी वर्गणीचा कागद फिरू लागतो. वर्गणी देणाऱ्यांच्या दयाळूपणास आम्ही नावे ठेवीत नाही; पण जेथे हक्क असावयास पाहिजे तेथे दया उभी केली म्हणजे देणारा आपणांस उदार समजू लागतो आणि घेणारा लाचार होतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ह्यावर पहिला आक्षेप येतो तो असा: मजूर आपल्या खुषीने कामास येतो, धोका त्यास ठाऊक असतो, आणि धोक्याच्या कामास मजुरीही अधिक मिळते, मग मालकावर वेगळा बोजा का? हा आक्षेप जुना आहे, आणि एके काळी तो खुद्द न्यायासनावरून उच्चारला गेला आहे. १८३७ साली इंग्लंडात एका खाटकाच्या नोकराचा खटला झाला. मालकाच्या गाडीत प्रमाणाबाहेर माल भरला होता. ती मोडली आणि नोकराची मांडी मोडली. ज्यूरीने त्यास शंभर पौंड देवविले. वरिष्ठ न्यायाधीशांनी ते रद्द केले. नोकरास धोका दिसत होता, तर त्याने गाडीत बसण्याचे नाकारावयाचे होते, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. ह्याच निकालाच्या आधारावर पुढे शंभर वर्षे असंख्य मजुरांस रिकाम्या हातांनी कोर्टाची पायरी उतरावी लागली. परंतु ज्यास संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत आहे, तो मालकाच्या गाडीत बसण्याचे नाकारील हे म्हणणे पुस्तकात शोभेल. बाजारात ते टिकत नाही. खुषी ही दोन्ही बाजूंस पर्याय असेल तेव्हाच खुषी असते. आणि धोक्याबद्दल अधिक मजुरी मिळते म्हणावे, तर गटारात उतरणाऱ्याची मजुरी सर्वांत जास्त असावयास पाहिजे होती. ती किती असते, हे आम्ही सांगावयास नको.

युरोपात ही समजूत बदलण्यास अर्धे शतक लागले. १८८४ साली जर्मनीत अपघाताच्या विम्याचा कायदा झाला व त्याचा खर्च मालकवर्गावर टाकण्यात आला. १८९७ साली इंग्लंडने भरपाईचा कायदा केला. येथे आमच्या महाराष्ट्रीय वाचकांनी एक गोष्ट अभिमानाने स्मरावी. त्याच १८८४ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणीकामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढारीपणाखाली सभा भरविल्या, व सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनापुढे ठेविला. त्यात रविवारची सुटी, दुपारची विश्रांती व पगार वेळेवर मिळणे ह्या मागण्यांबरोबरच एक मागणी अशी होती की, गिरणीत काम करिताना ज्यास दुखापत होईल त्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा पंगू होईल त्याच्या उपजीविकेची तरतूद व्हावी. जर्मनीतील मुत्सद्द्यांस जे त्या वर्षी सुचले, ते परळ-भायखळ्याच्या चाळींत राहणाऱ्या अल्पशिक्षित माणसांसही त्याच वर्षी सुचले होते. फरक एवढाच की, तेथे कायदा झाला आणि येथे अर्ज दप्तरी दाखल झाला. कामगारांच्या भरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ साली मंजूर होऊन १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. म्हणजे त्या अर्जानंतर तब्बल एकुणचाळीस वर्षांनी. स्वराज्य नसले म्हणजे न्यायास किती उशीर लागतो, ह्याचे हे एक माप आहे. स्वराज्य आल्यावर तरी तो उशीर किती कमी झाला, हे ज्याचे त्याने आपल्या मनास विचारावे.

ह्या कायद्याचे तत्त्व थोडक्यात सांगतो. ‘कामामुळे व काम चालू असता’ अपघात झाला, एवढे सिद्ध झाले की मालक भरपाईस पात्र होतो. त्याची चूक होती की नव्हती, हे मजुरास सिद्ध करीत बसावे लागत नाही. धंद्याचा नफा ज्याचा, धंद्याची झीजही त्याचीच, आणि मनुष्याच्या हातापायांची झीज ही यंत्राच्या झिजेप्रमाणेच धंद्याच्या खर्चात धरली पाहिजे, असा त्याचा अर्थ. १९२३ चा हा कायदा आता सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत समाविष्ट झाला असून, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पण तत्त्व जसेच्या तसे कायम आहे. शिवाय कामावर येता-जाता झालेल्या अपघाताचा कामाशी संबंध दिसून आल्यास तोही ह्यात धरला जातो. भरपाईच्या ह्या बाबतीत मालकाकडे शंभर माणसे आहेत की एक, हा प्रश्न उद्भवत नाही. जेथे दहा किंवा अधिक माणसे आहेत व राज्य विमा योजना लागू आहे, तेथे ही जबाबदारी ती योजना उचलते. इतरत्र ती मालकाच्या डोक्यावर असते. आमच्या पुष्कळ दुकानदारांची समजूत अशी आहे की, माणसे दहांपेक्षा कमी म्हणजे कायद्याचा काच नाही. ही समजूत अगदी उलटी आहे. माणसे कमी असली म्हणजे विमा योजनेची ढाल नाही, आणि भरपाईचा वार थेट आपल्या तिजोरीवर आहे.

तो वार किती मोठा, ह्याचाही हिशेब करून ठेवावा. मृत्यू आल्यास महिन्याच्या पगाराचा निम्मा घेऊन त्यास वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे असते. तीस वर्षांच्या मनुष्याचा गुणक २०७.९८ आहे. ह्या हिशेबात धरावयाच्या पगाराची कमाल मर्यादा २०२० साली दरमहा १५,००० रुपये ठरविण्यात आली. तेवढा पगार धरिला तर भरपाई १५,५९,८५० रुपये होते. रक्कम वेळेवर न दिल्यास तिच्यावर सालीना शेकडा बारा दराने व्याज चढते, आणि विलंबास सबळ कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंड बसू शकतो. विमा उतरविलेला असला तर मुद्दल व व्याज विमा कंपनी भरते. परंतु दंड मात्र मालकानेच आपल्या खिशातून भरावयाचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केले आहे. एका लहान दुकानाचे दिवाळे काढण्यास एवढी रक्कम पुरेशी आहे. तेव्हा विमा उतरविणे हा मजुरावरील उपकार नसून, व्यापाऱ्याने आपल्या अब्रूस घातलेले कुंपण आहे.

आता ठेकेदाराच्या पडद्याकडे वळू. कायद्याने तो पडदा बराचसा फाडलेला आहे. मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा जो भाग आहे ते काम त्याने ठेकेदाराकडून करून घेतले, तरी ठेकेदाराचा मजूर थेट मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो. मालकाने ती द्यावी व मग ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणजे आडत्याच्या गुदामात गोण्या वाहणाऱ्याचा मालक मुकादम नव्हे, आडत्याच. मजुराने आपला हक्क सोडल्याचा कागद लिहून दिला असला तरी तो रद्दीत जमा होतो. कायदा असा करार मानीतच नाही. परंतु येथे एक फट राहिली आहे, ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ‘नेहमीच्या धंद्याचा भाग’ ह्या शब्दांत गृहसंस्थेच्या इमारतीचा रंग येतो काय? कापडाच्या दुकानदाराने लावलेली नावाची पाटी येते काय? घरमालकाने साफ करविलेली पाण्याची टाकी येते काय? ह्यांचा धंदा तो नव्हे, असा युक्तिवाद सहज करिता येतो व तो पुष्कळदा टिकतो. आमच्या त्या रंगाऱ्याच्या प्रकरणात नेमकी हीच अडचण आली. मग राहतो तो पोटठेकेदार, ज्याच्या घरी जप्ती नेली तर दोन भांडी व एक ट्रंक मिळावयाची. शेळी जाते जिवानिशी, आणि खाणारा म्हणतो वातड!

ही फट कायदेमंडळाने बुजविली पाहिजे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. उंचीवरचे काम, खोल टाक्यांतील व गटारांतील काम, आणि विजेचे काम ह्या तीन बाबतींत तरी, ज्याच्या मिळकतीवर काम चालले आहे तो भरपाईस जबाबदार, असे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले जावे. न्यायालयांनी ह्या दिशेने वाट दाखविलेली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथील एका खाजगी गृहसंस्थेची मैल्याची टाकी साफ करिताना तीन मजूर मरण पावले. त्यांच्या विधवांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, व सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीस दहा लाख रुपये देण्याचा हुकूम केला. ठेका खाजगी होता म्हणून त्या स्त्रियांचा हक्क नाहीसा झाला नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूबद्दल दहा लाखांची रक्कम ठरविली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीच तीस लाखांवर नेली, आणि कायमच्या अपंगत्वास निदान वीस लाख ठरविले. रक्कम वाढली ही गोष्ट योग्यच झाली. पण जो देश मृत्यूची किंमत वाढविण्यात तत्पर व मृत्यू टाळण्यात सुस्त, त्यास बैल गेल्यावर झोपा करणारा म्हणावे लागेल.

म्हणून रक्षणाच्या साहित्याचा प्रश्न विम्याच्या आधी येतो. मालकांचा येथे ठरलेला आक्षेप असा की, ‘आम्ही साहित्य देतो, ही माणसेच वापरीत नाहीत.’ ह्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. शिरस्त्राण खुंटीस टांगून उघड्या डोक्याने काम करणारे मजूर आम्हीही पाहिले आहेत. परंतु ते असे का करितात, ह्याची चौकशी कोणी केली आहे काय? एकाच मापाची शिरस्त्राणे वीस निरनिराळ्या डोक्यांस दिली म्हणजे ती वाकताच गळून पडतात. एप्रिलच्या उन्हात जाड हातमोजे घालून खिळा धरिता येत नाही. मजुरी कामाच्या मापावर असली म्हणजे पट्टा अडकविण्यात व सोडविण्यात जाणारा वेळ मजुराच्याच पैशातून जातो. पट्टा दिला, पण तो अडकवावयाचा कोठे, हे सांगितलेच नाही, असेही पुष्कळदा घडते. ज्या दोरास फळी टांगली त्याच दोरास पट्टाही बांधला, तर दोर तुटल्यावर फळी व मनुष्य एकदमच खाली यावयाचे. जीवरक्षक दोर वेगळा, तो गच्चीवरील भक्कम आधारास बांधलेला, आणि पट्टा नुसत्या कमरेचा नव्हे तर खांदे व मांड्या ह्यांस धरणारा, अशी व्यवस्था असली तरच त्यास रक्षण म्हणावे. एरवी तो तपासनिसास दाखविण्याचा अलंकार होय.

गटाराची गोष्ट तर ह्याहून भयंकर आहे. तेथे नाकावर बांधलेला फडका कवडीच्याही उपयोगाचा नसतो. मैल्याच्या टाकीत जो विषारी वायू साठतो, तो प्रमाण वाढताच प्रथम वास घेण्याची शक्तीच नष्ट करितो. त्यामुळे आता वास येत नाही म्हणजे धोका टळला, असे समजून मनुष्य आणखी खाली उतरतो. तो कोसळला म्हणजे त्यास काढावयास दुसरा उतरतो, आणि दुसऱ्यास काढावयास तिसरा. एका टाकीतून तीन-तीन प्रेते निघाल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या ह्यामुळे. अशा ठिकाणी उत्तम साहित्य कोणते, ह्या प्रश्नाचे खरे उत्तर, मनुष्याने उतरूच नये, हे आहे. २०१३ च्या कायद्याने अशा कामास माणूस लावण्याची बंदी केलीच आहे. यंत्राने काम होत असेल तर यंत्र आणावे. ते सर्वथा अशक्य असेल तर वायूची तपासणी, बाहेरून हवेचा पुरवठा, आणि वर दोर धरून उभा असलेला पहारेकरी ह्यांवाचून झाकण उघडू नये. धोका मुळातच काढून टाकणे पहिले, त्यास आडपडदा घालणे दुसरे, आणि मजुराच्या अंगावर कवच चढविणे शेवटचे, असा क्रम आहे. आपण शेवटची पायरी आधी घेतो, आणि तीही मजुराच्याच खर्चाने.

तो खर्च मजुराच्या माथी मारिता येत नाही, हेही येथे नमूद करणे जरूर आहे. कारखान्यात पुरवावयाच्या सोयींबद्दल मजुराकडून पैसा घेण्यास १९४८ च्या कारखाने कायद्यानेच मनाई केली होती. कामाच्या जागेवरील सुरक्षेच्या २०२० च्या संहितेतही ती मनाई आहे. तरीही ‘बूट व शिरस्त्राण पहिल्या पगारातून कापून घेऊ’ असे सांगणारे ठेकेदार थोडेथोडके नाहीत. मालकाच्या हयगयीमुळे मृत्यू घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा निदान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्या संहितेत सांगितली असून, दंडातील निदान अर्धा भाग मृताच्या वारसांस देवविण्याचा अधिकार न्यायालयास आहे. तसेच मजुराने जाणूनबुजून सुरक्षेचे साधन काढून टाकले, हा बचाव लहानसहान दुखापतीत मालकास मिळतो; परंतु मृत्यू अगर कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास भरपाई चुकविण्यासाठी तो चालत नाही. तेव्हा ‘तो वापरीत नव्हता’ हे शब्द पंचनाम्यात लिहवून घेतले म्हणजे आपण सुटलो, अशा भ्रमात कोणी राहू नये. साहित्य देणे हे निम्मे कर्तव्य. ते वापरले जाते की नाही हे पाहणे, व न वापरणाऱ्यास त्या दिवशी कामावर न चढविणे, हे उरलेले निम्मे.

तिसरा आक्षेप पैशाचा. लहान व्यापारी म्हणतो, ‘मी पट्टे व विमा धरून भाव सांगितला तर शेजारचा न धरता सांगतो, आणि काम त्यास मिळते.’ हे म्हणणे आम्हांस सर्वांत सयुक्तिक वाटते. कारण ह्यात दोष सांगणाऱ्याचा नसून काम देणाऱ्याचा आहे. सर्वांत कमी भावाचे टेंडर मंजूर करणारी गृहसंस्था ही मजुराच्या जिवातूनच ती सूट घेत असते, हे तिच्या सभासदांस कळत नसेल तर कोणीतरी कळविले पाहिजे. उपाय सोपा आहे. सुरक्षा व विमा ही बाब टेंडरात वेगळी लिहावी, तिची रक्कम काम देणाराने आधीच ठरवावी, आणि तीत कमीजास्त भाव सांगण्यास मुळीच वाव ठेवू नये. मग चढाओढ कारागिरीत होईल, माणसांच्या हाडांवर होणार नाही. खर्चाचा बाऊही फाजील आहे. राज्य विमा योजनेत मालकाचा वाटा २०१९ सालापासून पगाराच्या शेकडा सव्वातीन व मजुराचा पाऊण टक्का ठरला. शंभर रुपयांच्या मजुरीमागे सव्वातीन रुपये देऊन कायमच्या पूर्ण अपंगत्वात पगाराच्या नव्वद टक्क्यांची तरतूद होत असेल, तर त्यास महाग म्हणणाऱ्याने आपल्या जमाखर्चाच्या वहीतील इतर खाती पुन्हा एकदा चाळावी.

विम्याचा हप्ता मालकानेच भरावा, हा प्रश्नही आता वादग्रस्त राहिलेला नाही. शिवकाशीच्या आगपेटी कारखान्यांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली प्रत्येक कामगाराचा पन्नास हजार रुपयांचा विमा उतरविण्याची आज्ञा केली, आणि हप्त्याचा भार नोकरीची एक अट म्हणून मालकावर टाकला. १९९५ साली अस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या कामगारांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे ठरविले. मात्र विमापत्र असणे व ते उपयोगी पडणे ह्यांत अंतर आहे, हे वकिलीच्या अनुभवावरून सांगतो. पंधरा माणसे कामावर आणि विमापत्रात नावे पाच. पगार प्रत्यक्ष एक आणि हप्ता वाचविण्यासाठी लिहिलेला दुसरा. मुदत संपून महिना झालेला. किंवा विमापत्र इमारतीच्या आगीचे, मजुरांचे नव्हेच. असे प्रकार आम्ही पुष्कळ पाहिले. अशा कागदाने व्यापाऱ्याचीही फसवणूक होते आणि विधवेचीही.

तेव्हा जो कोणी ठेक्याने काम देतो त्याने एवढे तरी करावे. कामास येणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव व गाव रोजच्या रोज वहीत लिहावे, म्हणजे ‘तो कोण ठाऊक नाही’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. विमापत्राची प्रत आधी पाहावी, तीतील माणसांची संख्या, पगार व मुदत ताडून घ्यावी, आणि मगच कामाचा पहिला हप्ता द्यावा. पोटठेका आपल्या लेखी संमतीवाचून देता येणार नाही, असे करारात घालावे. साहित्य कामाच्या जागेवर, मजुरांच्या मापाचे व मजबूत आहे की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे. आणि शेवटी, धोका वाटल्यास काम थांबविण्याचा अधिकार प्रत्येक मजुरास आहे, हे त्यास त्याच्या भाषेत सांगावे व त्याबद्दल त्याची रोजी कापू नये. ह्यात कायद्याच्या पदवीची जरुरी नाही. आपल्या मुलास त्या फळीवर बसविले असते तर आपण काय पाहिले असते, एवढाच विचार पुरे.

सरकारासही दोन शब्द सांगितले पाहिजेत. नव्या संहितेने कारखान्याची व्याख्या विजेवर चालणाऱ्या जागेस दहांऐवजी वीस माणसांवर, व विजेवाचूनच्या जागेस वीसऐवजी चाळीसांवर नेली आहे. आणि दहांपेक्षा कमी माणसांच्या दुकानास सुरक्षेची ती संहिता साधारणपणे लागूच नाही. व्यापारास मोकळीक द्यावी हे आम्हांस मान्य आहे; परवाने, नमुने व खेटे कमी झाले तर आम्ही अभिनंदनच करू. पण मोकळीक कागदपत्रांतून द्यावयाची असते, रक्षणातून नव्हे. नऊ माणसांच्या गुदामातील थप्पी वीस माणसांच्या गुदामातील थप्पीपेक्षा हलकी नसते. ह्याच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून, ज्या हमालास कोणी मालकच नव्हता त्यास मंडळ दिले, आणि व्यापाऱ्यांकडून मजुरीबरोबर ठराविक भरणा घेऊन त्याच्या पोटापाण्याची व दवादारूची सोय लाविली. अनेक व्यापाऱ्यांनी तेव्हा कुरकुर केली, परंतु बाजार बुडाले नाहीत. त्याच धर्तीवर रंगारी, टाकी साफ करणारे व उंचीवर काम करणारे ह्यांची नोंदणी, प्रशिक्षण व विमा एका मंडळाकडे का सोपवू नये? आणि नगरपालिकांनी तर आपल्या स्वतःच्या ठेक्यांपासून आरंभ करावा. ज्यांच्या गटारांत माणसे मरतात त्यांनी इतरांस नोटिसा काढणे शोभत नाही.

आम्ही राष्ट्राच्या उत्कर्षाच्या गोष्टी बोलतो. उंच इमारती दाखवून देश किती पुढे गेला ते पाहुण्यांस सांगतो. त्या इमारतींच्या भिंतींवर ज्यांनी रंग चढविला त्यांच्या कमरेस दोर होता काय, हेही उत्कर्षाचेच एक माप आहे. कामाची परिस्थिती न्याय्य व माणुसकीची असावी, असे राज्यघटनेच्या बेचाळिसाव्या कलमात आपणच आपणांस सांगून ठेविले आहे. वाचकांपैकी पुष्कळांच्या इमारतींस पावसाळ्यापूर्वी रंग द्यावयाचा असेल, कोणाच्या दुकानाची पाटी बदलावयाची असेल, कोणाच्या टाकीची सफाई करावयाची असेल. ठेकेदार भाव घेऊन येईल तेव्हा त्यास रंगाच्या छटेबरोबर एवढे विचारावे, ‘तुमच्या माणसांचे पट्टे कोठे आहेत, आणि विमापत्र कोठे आहे?’ हा प्रश्न त्या चिटणिसांनी, त्या ठेकेदाराने किंवा त्या मुकादमाने, तिघांपैकी एकानेही वेळेवर विचारला असता, तर ती बाई आमच्या कचेरीची पायरी कधीच चढली नसती.